घरातील रॉकेल, टर्पेंटाइन आणि थिनर : उपयोग, परिणाम व सुरक्षितता

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात बालरोग विभागाच्या वतीने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक समारंभात एखाद्या दुर्मीळ शस्त्रक्रियेविषयी किंवा नव्या यंत्रसामग्रीविषयी बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आज मात्र प्रत्येकाच्या घरात, मोरीखाली, जिन्याखाली किंवा माळ्यावर पडून असलेल्या एका साध्या बाटलीविषयी बोलण्याची परवानगी मी आपणाकडे मागत आहे. त्या बाटलीत कोठे रॉकेल असते, कोठे दाराला रंग दिल्यानंतर उरलेले टर्पेंटाइन असते, तर कोठे थिनर. या तिन्ही पदार्थांना शास्त्रीय भाषेत द्रावक म्हणतात, कारण जे पाण्यात विरघळत नाही ते तेल, ग्रीस, डांबर, रंग आणि मेण यांत विरघळते. हा त्यांचा गुण संसाराला उपयोगी पडतो आणि तोच गुण शरीराला घातक ठरतो. या व्याख्यानाचा सारा विषय या एका वाक्यात सामावलेला आहे.

नावाचा व वापराचा थोडा इतिहास

आपल्याकडे या तेलाला दोन नावे आहेत आणि दोन्ही परदेशातून आलेली आहेत. 'रॉक ऑइल' म्हणजे खडकातील तेल, त्याचे रॉकेल झाले. आणि 'गॅस लाइट'चे घासलेट झाले. 'केरोसीन' हे नाव कॅनडातील भूगर्भशास्त्रज्ञ अब्राहम गेस्नर यांनी १८४६ च्या सुमारास या तेलाची निर्मिती करून दाखविल्यानंतर रूढ झाले. ग्रीक भाषेत 'केरोस' म्हणजे मेण. १८५३ मध्ये इग्नासी लुकासिएविच यांनी रॉकेलचा दिवा तयार केला, १८५९ मध्ये अमेरिकेत टायटसव्हिल येथे ड्रेक यांची तेलविहीर लागली, आणि त्यानंतर काही दशकांतच हे तेल डब्यांतून जगभर पसरले. स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्या स्वयंपाकघरात आला तो असा मुक्काम ठोकूनच. चिमणी, कंदील, गॅसबत्ती, पंपाचा स्टोव्ह, पुढे इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने आणलेला 'नूतन' हा वातीचा स्टोव्ह, आणि रेशन दुकानासमोरची डब्यांची रांग, हे सारे ज्यांनी अनुभवले अशी मंडळी या सभागृहात निम्म्याहून अधिक असावीत.

आता चित्र बदलले आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसजोडण्या वाढल्या, गॅसधारक कुटुंबांचा रॉकेलचा कोटा थांबला, आणि २०२० पासून रेशनच्या रॉकेलवरील केंद्र शासनाचे अनुदानही संपले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरगुती इंधन म्हणून रॉकेलचा वापर टाळावा असे स्पष्ट म्हटले, कारण चिमणीच्या आणि स्टोव्हच्या धुरातील अतिसूक्ष्म कण आणि वायू श्वसनमार्गाला अपाय करतात. या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु त्यामुळे धोका घरातून गेला, असा समज कोणी करून घेऊ नये. रॉकेलचा कॅन गेला असेल, तर त्याच्या जागी पूर्वी घरात नसलेली थिनरची बाटली आली आहे. आणि २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत जेव्हा दिवसेंदिवस वीज नव्हती, तेव्हा माळ्यावरचे कंदील पुन्हा खाली आले होते, हे पंचगंगेकाठच्या माणसाला सांगावयास नको.

कोल्हापूर आणि द्रावके

आपले शहर या पदार्थांशी अन्य अनेक शहरांपेक्षा अधिक जवळिकीने जोडलेले आहे. शिवाजी उद्यमनगरातील यंत्रशाळांत, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत सुटे भाग धुण्यासाठी रॉकेल अथवा डिझेल वापरण्याची प्रथा जुनी आहे. फौंड्रीतील साच्यांवर जो लेप देतात त्यात ज्वालाग्राही स्पिरिट असते. गंगावेस, शाहूपुरी आणि बापट कॅम्प येथील कुंभार बांधव गणेशमूर्तींचे रंगकाम करतात, तेव्हा पावसाळ्यामुळे तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावलेल्या मांडवात फवाऱ्याच्या रंगाबरोबर थिनरची वाफ कोंडते. बाबूराव पेंटर यांच्यासारख्या कलावंतांमुळे ज्या नगरीला कलापूर म्हटले गेले, त्या नगरीत तैलरंग आणि टर्पेंटाइनचा वास कित्येक घरांना ओळखीचा आहे.

चप्पलांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कोल्हापुरी चप्पल ही मूळची वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची आणि चामड्याच्याच वादीने शिवलेली, खिळा न लागणारी वस्तू. २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु एकूण पादत्राण धंद्यात आज डबाबंद सोल्यूशन, म्हणजे चिकट द्रव, सर्रास वापरले जाते, आणि ते पातळ ठेवण्याचे काम द्रावकच करते. या बाबतीत जगाने दोन मोठे धडे घेतलेले आहेत. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरबसल्या सॅंडल चिकटविणाऱ्या कामगारांना हातापायांत मुंग्या येऊ लागल्या, पुढे पाय लुळे पडू लागले. कारण होते चिकट द्रवातील हेक्झेन हे द्रावक. १९७० च्या दशकात इस्तंबूल येथे डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी चर्मकारांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दाखवून दिले. तेथे कारण होते बेंझिन. ही दोन्ही उदाहरणे कारखान्यातील कमी आणि घरातील अधिक आहेत. ज्या खोलीत काम, त्याच खोलीत स्वयंपाक आणि त्याच खोलीत पाळणा, अशी स्थिती असली की कामगाराचा आजार हा कुटुंबाचा आजार होतो. खिडकी उघडी ठेवणे, डब्याचे झाकण कामापुरतेच उघडणे आणि लहान मूल त्या खोलीत न झोपविणे, या गोष्टींना खर्च येत नाही.

बालकांच्या शरीरात काय घडते

आता मुख्य विषयाकडे वळतो. रॉकेल प्यालेली जी बालके रुग्णालयांत येतात, ती बहुतेक एक ते तीन वर्षे वयाची असतात. नुकते चालू लागलेले मूल जमिनीच्या पातळीवरचे जग तोंडाने तपासत असते. उन्हाळ्यात तहान अधिक असते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल रंगहीन असेल तर ते पाण्यासारखे दिसते, आणि रेशनचे निळे असेल तर ते सरबतासारखे दिसते. मूल एक घोट घेते, त्याला ठसका लागतो, आई धावत येते. येथपर्यंतची हकिगत जवळजवळ प्रत्येक वेळी सारखीच असते. पुढे मुलाचे काय होणार, हे बरेचसे त्यानंतरच्या पाच मिनिटांत घरातील मोठी माणसे काय करतात यावर अवलंबून असते.

सर्वसाधारण समजूत अशी की विष पोटात गेले, म्हणजे ते पोटातून बाहेर काढावयास हवे. म्हणून घशात बोट घालणे, मिठाचे पाणी पाजणे, उलटे धरणे असे उपाय तातडीने केले जातात. हे सारे मायेपोटी होते, आणि रॉकेलच्या बाबतीत हेच सर्वांत घातक ठरते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रॉकेल पोटातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. पोटात गेलेला घोट प्रायः मोठी हानी करीत नाही. खरा धोका आहे तो फुप्फुसांना. रॉकेल पाण्यापेक्षा सहज पसरते, त्याचा पृष्ठताण कमी असतो. त्यामुळे ठसक्याबरोबर किंवा उलटीबरोबर त्याचे काही थेंब श्वासनलिकेत उतरले, तरी ते क्षणार्धात दूरवर पसरतात. आपल्या फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोश उघडे राहावेत म्हणून निसर्गाने त्यांना आतून एक स्निग्ध अस्तर दिलेले आहे. स्निग्ध पदार्थ विरघळविणे हा तर द्रावकाचा धर्मच. ते अस्तर नष्ट झाले की वायुकोश मिटतात, सुजतात, आणि मुलाला श्वास अपुरा पडू लागतो. यालाच रासायनिक न्यूमोनिया म्हणतात. एक मिलिलिटरहूनही कमी रॉकेल फुप्फुसात गेल्यास तो होऊ शकतो.

म्हणजे ज्या मुलाने एक घोट गिळला आणि एकदाच ठसकला, त्याला उलटी करविली तर तेच रॉकेल पुन्हा एकदा घशातून, श्वासनलिकेच्या तोंडावरून परत आणले जाते. पोटातील निरुपद्रवी घोट आपल्याच हाताने फुप्फुसाकडे वळविला जातो. दूध किंवा तेल पाजण्याचा उपायही याच कारणासाठी वर्ज्य समजावा. भरलेले पोट उलटीला निमंत्रण देते.

अशा वेळी काय करावे

मुलाच्या हातातील बाटली काढून घ्यावी, तोंड ओल्या फडक्याने पुसावे, रॉकेलने भिजलेले कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि मुलास उघड्या हवेत, मांडीवर बसते धरावे. जवळ चूल, स्टोव्ह अथवा समई पेटलेली असेल तर मुलाला तेथून दूर न्यावे. तोंडाने काहीही देऊ नये. उलटी करवू नये. आपोआप झाल्यास मुलास कुशीवर वळवून डोके खाली झुकवावे. आणि मूल हसत-खेळत असले तरी रुग्णालयात आणावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन करते. येताना ती बाटली मात्र बरोबर आणावी, हे विसरू नये. डॉक्टरांच्या दृष्टीने बाटलीत रॉकेल होते, टर्पेंटाइन होते की थिनर होते, या प्रश्नाच्या उत्तराने उपचार बदलतात.

कारण ही तीन भावंडे असली तरी स्वभावाने एक नाहीत. पाइन वृक्षाच्या राळेपासून काढलेले टर्पेंटाइन पोटातूनही शोषले जाते आणि मेंदू व मूत्रपिंडे यांवर परिणाम करते. थिनरमध्ये टोल्यूइन, अॅसिटोन असे अनेक पदार्थ असतात. त्यांनी गुंगी येते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. काही थिनरमध्ये मिथेनॉल असते, आणि त्याचे दुष्परिणाम, विशेषतः दृष्टीवरील, कित्येक तासांनंतर दिसू लागतात. तेव्हा 'थोडेसेच प्यायला, आता बरा आहे' हा दिलासा थिनरच्या बाबतीत मुळीच धरू नये.

रुग्णालयात आणल्यावर काय होते, हेही नातेवाइकांना ठाऊक असणे हिताचे आहे; कारण 'डॉक्टर काहीच करीत नाहीत, नुसते बसवून ठेवले आहे' अशी तक्रार कानावर येते. मुलाच्या श्वासाचा वेग मोजला जातो, बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहिले जाते, आवश्यकतेनुसार छातीचे क्ष-किरण चित्र घेतले जाते. ज्या मुलास खोकला, धाप, ताप यांपैकी काहीच नाही, त्यालाही किमान सहा तास देखरेखीखाली ठेवतात, कारण त्रास व्हावयाचा असेल तर तो प्रायः याच अवधीत प्रकट होतो. पोट धुण्याची नळी रॉकेलसाठी सहसा घातली जात नाही. कोळशाची भुकटी येथे उपयोगी पडत नाही. स्टेरॉइडने लाभ होत नाही. आणि जंतुसंसर्गाची चिन्हे असल्याखेरीज प्रतिजैविके दिली जात नाहीत. ज्याला धाप लागते त्याला प्राणवायू द्यावा लागतो, आणि थोड्या मुलांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राचा आधार द्यावा लागतो. याचा अर्थ असा की बहुतेक मुलांच्या बाबतीत औषधापेक्षा लक्ष, प्राणवायू आणि वेळ हेच उपचार असतात. त्या सहा तासांत परिचारिकेने अर्ध्या-अर्ध्या तासाने मोजलेला श्वास हे उपचारांतील सर्वांत महत्त्वाचे काम असते, हे कृपया ध्यानी घ्यावे.

मोठ्यांच्या सवयी

केवळ मुलेच चुकतात असे नाही. मोटारसायकलच्या टाकीतून नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढणे ही आपल्याकडील सर्वपरिचित सवय आहे. त्यात एक घोट छातीत गेला की तरण्याबांड माणसालाही तोच रासायनिक न्यूमोनिया होतो. मिरवणुकीत तोंडात रॉकेल धरून आगीचे लोट काढणाऱ्या तरुणांनाही हाच आजार होतो, आणि चेहरा भाजतो तो निराळाच. मर्दानी खेळांची आपली परंपरा मोठी आहे. तिच्या शौर्याला तोंडातील रॉकेलची गरज नाही.

डोक्यातील उवांसाठी रॉकेल चोळणे, ढेकणांसाठी खाटेच्या फटींत ते ओतणे, सांधेदुखीवर ते जिरविणे, कामावरून आल्यावर हातावरचे ग्रीस थिनरने काढणे, असेही प्रकार आढळतात. द्रावक त्वचेचा नैसर्गिक ओशटपणा काढून घेते. त्वचा कोरडी होते, भेगाळते, इसब होतो. उवांसाठी आता सुरक्षित औषधे कमी किमतीत मिळतात. मुलीच्या लांब केसांना रॉकेल लावून तिला चुलीपाशी बसविणे हे तर साक्षात संकट आहे. हातावरच्या ग्रीससाठी खोबरेल तेल चोळून मग साबण लावावा. डोळ्यांत द्रावक उडाल्यास पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा व नंतर डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक अप्रिय गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. शाळकरी वयातील काही मुले पंक्चरचे सोल्यूशन, थिनर यांची वाफ हुंगण्याच्या नादी लागतात. टोल्यूइनच्या वाफेने हृदयाची लय अचानक बिघडून पहिल्याच वेळीही मृत्यू ओढवू शकतो. दीर्घकाळ हुंगल्यास मेंदूची हानी होते. रुमालाला येणारा रंगाचा वास, ओठांभोवतीचे पुरळ, अभ्यासातील अचानक घसरण, ही लक्षणे पालकांनी व शिक्षकांनी ओळखावीत, आणि मुलास शिक्षा करण्याआधी डॉक्टरांकडे आणावे.

अग्नी

ज्या तपमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्या तपमानावरून त्याचा धोका ठरतो. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचे हे तपमान ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असता कामा नये. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा याहून वर जातो, हे आपण जाणतोच. पेट्रोल मात्र शून्याच्या खाली चाळीस अंशांवरही पेटू शकते, अॅसिटोन शून्याच्या खाली वीस अंशांच्या आसपास. म्हणूनच रॉकेलमध्ये थोडेसे पेट्रोल किंवा थिनर मिसळले गेले तरी स्टोव्हचा स्फोट होऊ शकतो. या द्रावकांची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या देव्हाऱ्यातील समईपाशी पेटून उलट मूळ बाटलीपर्यंत येते. दाराला रंग देत असताना शेजारच्या खोलीतील शेगडी का बंद करावी, याचे उत्तर येथे आहे.

भेसळीच्या संदर्भात एक स्मरण करणे उचित होईल. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधन भेसळ रोखण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला जातो तो भेसळ ओळखता यावी म्हणून. त्या निळ्या रंगामागे एका कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्याच्या प्राणांचे मोल आहे, हे महाराष्ट्राने विसरू नये.

भाजलेल्या रुग्णांविषयी बोलताना आणखी एका गोष्टीवर मौन पाळणे योग्य नाही. 'स्टोव्हचा भडका उडाला' या तीन-चार शब्दांमागे कित्येक सुनांचे, कित्येक लेकींचे आयुष्य संपलेले आहे. अशा मृत्यूंमुळेच १९८३ मध्ये कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून त्याच तरतुदी भारतीय न्याय संहितेत आहेत. भाजलेल्या स्त्रीला नातेवाइकांपासून दूर, एकांतात बोलण्याची संधी देणे हा उपचारांचाच भाग आहे. माहेरच्या आणि शेजारच्या माणसांनी मात्र रुग्णालयाची वाट पाहू नये. घरातील धुसफुस ऐकू येते ती जळण्याच्या कितीतरी आधी.

भाजल्यावरचा प्रथमोपचार एकच आहे : पाणी. आग विझविल्यावर भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. अंगठ्या-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकावे आणि रुग्णास आणावे. कपडे पेटले असता धावू नये. जमिनीवर लोळावे, जाड सुती कापडाने वा घोंगडीने ज्वाला दाबाव्यात.

बाटली आणि झाकण

या साऱ्या अनर्थाचे मूळ पुष्कळदा एका चुकीच्या बाटलीत असते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले; सुदैवाने बालके बरी झाली. प्रशिक्षित हातांकडूनही असे घडू शकते, मग अंधाऱ्या स्वयंपाकघरात का घडणार नाही? म्हणून नियम एकच : जे पिण्याचे नाही ते पिण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मूळ डब्यातच ठेवावे, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे, आणि तो कुलूपबंद अथवा माणसाच्या डोक्याहून उंच जागी, चुलीपासून दूर ठेवावा. दिवाळीच्या रंगकामानंतर उरलेले थिनर रंगाऱ्याबरोबरच परत पाठवावे. 'पुढच्या वर्षी लागेल' म्हणून ठेवलेली बाटली सहसा पुढच्या वर्षी लागत नाही. मोरीत मात्र ओतू नये. वाफ गटारात साचते आणि पाणी नदीला मिळते.

हे नियम सांगून भागते का, असा प्रश्न विश्वस्तांना पडेल. त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेने दिलेले आहे. तेथे रॉकेल प्यालेली बालके मोठ्या संख्येने येत असत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एका भागात मुलांना उघडता न येणाऱ्या झाकणांचे कॅन वाटण्यात आले, तेव्हा त्या भागातील अशा घटना जवळजवळ निम्म्यावर आल्या. अमेरिकेने तर १९७० मध्येच विषारी घरगुती वस्तूंना अशी झाकणे सक्तीची करणारा कायदा केला. एका झाकणाची किंमत किती, आणि अतिदक्षता विभागातील एका दिवसाची किंमत किती, याचा हिशेब या सभागृहातील व्यापारी मंडळी माझ्यापेक्षा लवकर करतील.

म्हणून आजच्या प्रसंगी संस्थेच्या विश्वस्तांस आणि देणगीदारांस तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, बालरोग विभागात येणाऱ्या अशा प्रत्येक मुलाची साधी नोंद ठेवली जावी : वय, पदार्थ, बाटली कशाची होती, घरी काय उपाय केले. कोणत्या पेठेत, कोणत्या गावात काम करावे हे त्या नोंदवहीतून कळेल. दुसरी, चप्पल व्यवसाय, मूर्तिकाम आणि रंगकाम करणाऱ्या वस्त्यांतून वर्षातून एकदा, शक्यतो श्रावणापूर्वी, आरोग्य शिबिर व्हावे आणि त्यात घट्ट झाकणाचे डबे व नावाच्या चिठ्ठ्या वाटल्या जाव्यात. तिसरी, बाळंतपणासाठी येथे येणाऱ्या प्रत्येक मातेला घरी जाताना लसीकरणाच्या कार्डाबरोबर एक चिठ्ठी मिळावी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत इतकेच लिहिलेले असावे : 'मुलाने रॉकेल, टर्पेंटाइन वा थिनर प्यायल्यास उलटी करवू नका. बाटली घेऊन लगेच या.'

देणगीतून इमारती उभ्या राहतात, यंत्रे येतात, आणि त्यांची नितांत गरज आहेच. ज्यांच्या औदार्यामुळे आज श्वास कमी पडलेल्या मुलाला या वास्तूत प्राणवायू मिळतो, त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. परंतु रुग्णालयात यावेच न लागलेले मूल हेही देणगीचेच फळ असते. त्याचे नाव कोणत्याही अहवालात छापले जात नाही. ते आपल्या अंगणात खेळत असते. आज घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने मोरीखालची ती एक बाटली उचलून पाहावी, एवढीच नम्र प्रार्थना.